बॅग तू भरशील, उघडणार दुसरंच कुणीतरी

*ताई, मला आठवा महिना लागलाय. पहिलंच बाळंतपण आहे. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, आम्ही इथंच भाड्याने राहतो. बाळंतपणाला मी माहेरी जाणार. गाव अंबाजोगाईपासून अर्ध्या-पाऊण तासावर, दवाखाना अंबाजोगाईचा सरकारी मेडिकलचा ठरलाय. तारीख मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली आहे. दवाखान्यात न्यायच्या बॅगेवरून रोज बोलणी चाललीत. मोबाइलवर बघितलेल्या यादीत पन्नास-साठ वस्तू आहेत, त्यातल्या निम्म्या मला माहीतही नाहीत. मिस्टर म्हणतात, सगळं ऑनलाइन मागवू. आजी म्हणते, बाळाचं काही आधी घ्यायचं नसतं, आणलंस तर घरात ठेवू देणार नाही. आई म्हणते, सरकारी आहे, सगळं तिथंच मिळतं. आणखी एक, माझं आधार आणि पासबुक माहेरच्या नावाने आहे, पण इथल्या दवाखान्याच्या कार्डावर सासरचं नाव लागलंय. त्याने काही अडेल का? आणि लेबर रूममध्ये एकीला सोबत घेता येतं म्हणतात. आईला रक्त बघवत नाही, काकू म्हणते मी येते, मला मात्र माझी मोठी बहीण हवी आहे. काय करू?*
*— एक वाचक, चाकण*

अगं, तू 'आणखी एक' म्हणून जाता जाता जे लिहिलंस, ते मी आधी घेते. झबली-टोपडी अंबाजोगाईच्या बाजारात रात्री नऊपर्यंत मिळतील. नावातला घोळ मात्र कुठल्या दुकानात निस्तरत नाही.

मी बरीच वर्षं सरकारी रुग्णालयात प्रसूती कक्षात सिस्टर होते, त्यामुळे हे रोजचं बघितलेलं आहे. तू दाखल होतेस तेव्हा केसपेपरवर जे नाव लागतं, तेच डिस्चार्ज कार्डावर जातं, आणि तेच बाळाच्या जन्मनोंदीत 'आईचे नाव' म्हणून उमटतं. तेव्हा तू कळा देत असतेस. नाव सांगणारा असतो भाऊ, दीर, नाहीतर शेजारचा जीप चालवून आलेला कुणी पोरगा. तो घरात तुला हाक मारतात ते नाव सांगतो, आडनाव सासरचं की माहेरचं यात अडखळतो, आणि खिडकीपलीकडचा माणूस ऐकू येईल तसं लिहितो. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळेत घालायला, पासपोर्टला, पुढे मतदार यादीत नाव घालायलासुद्धा जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्यावर तुझं नाव एक आणि आधारवर दुसरं असलं, तर बाळ पहिलीत जाईपर्यंत तुमच्या खेपा संपायच्या नाहीत.

म्हणून आता आधार बदलायच्या मागे लागू नकोस. या महिना-दीड महिन्यात ते होईलच असं नाही आणि झालंच तर बँकेत पुन्हा धावपळ. आधार आणि पासबुक दोन्ही माहेरच्या नावाने आहेत ना, मग तेच नाव सगळीकडे लाव. चाकणच्या आशाताईंना किंवा नर्सबाईंना भेटून माता-बाल संरक्षण कार्डावर आधारप्रमाणे नाव दुरुस्त करून घे, त्याच्यावरचा आरसीएच नंबर, म्हणजे तुझ्या गरोदरपणाच्या सरकारी नोंदीचा नंबर, तोच राहू दे. मग एका कोऱ्या कागदावर मोठ्या, ठसठशीत अक्षरात मराठीत आणि इंग्रजीत तुझं पूर्ण नाव, मिस्टरांचं पूर्ण नाव, दोघांचे आधार नंबर, कायमचा पत्ता आणि तुझा रक्तगट लिही. स्पेलिंग आधारवर आहे तसंच, एका अक्षराचाही फरक नको. हा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर राहील. नाव कुणी विचारलं तर तोंडाने सांगायचं नाही, कागद पुढे करायचा, एवढं घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेव.

फाइलमध्ये बाकी काय हवं ते सांगते. ते कार्ड, सगळ्या सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट (हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही, कावीळ, थायरॉइड, जे झालं असेल ते), चालू गोळ्यांची चिठ्ठी, दोघांच्या आधारच्या आणि तुझ्या पासबुकाच्या दोन-दोन झेरॉक्स, रेशन कार्डाची झेरॉक्स. पासबुक तुझ्या स्वतःच्या खात्याचं हवं, मिस्टरांचं चालत नाही. जननी सुरक्षा योजनेचे पैसे आपल्याकडे दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना मिळतात, ग्रामीण भागात 700 रुपये. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे 5000 असतात, ते दोन हप्त्यांत, आणि दुसऱ्या हप्त्याला बाळाची जन्मनोंद आणि लसी लागतात. तू कशात बसतेस ते आशाताई सांगतील. पण पैसे तुझ्या आधारला जोडलेल्या खात्यातच येणार, म्हणून खातं चालू आहे का ते जायच्या आधीच बघून घे.

तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो त्या कागदावर लाल शाईने लिही. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर तुला 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन मिळायला हवं आणि ते पुढच्या गरोदरपणासाठी असतं. गडबडीत ते कुणी विचारायचं राहिलं, तर घरच्यांनी आठवण करायची.

ही फाइल चाकणहून माहेरी जाताना गाडीच्या डिकीत टाकू नकोस. ती तुझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये. रात्रभराचा प्रवास आहे, वाटेत काही दुखलंखुपलं तर कुठल्याही दवाखान्यात हीच फाइल उघडावी लागेल. आणि जायचं ते आठवा महिना सरायच्या आत जा, नवव्यात तो प्रवास नको. गेल्यावर आठवड्याच्या आत अंबाजोगाईला ओपीडीत एकदा दाखवून ये, म्हणजे तिथलं दार, जिना, केसपेपरची खिडकी तुझ्या आणि आईच्या ओळखीची होईल. रात्री दोनला जायची वेळ आली तर याचा फार उपयोग होतो.

आता आईचं म्हणणं. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, हे ती बरोबर सांगते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 साली सुरू झाला. त्याखाली नॉर्मल असो की सिझर, औषधं, इंजेक्शनं, तपासण्या, लागलं तर रक्त, यातलं काही विकत आणावं लागू नये असा नियम आहे. जेवणही मिळतं, नॉर्मलला तीन दिवस, सिझरला सात. घरून दवाखान्यात न्यायला, एका दवाखान्यातून दुसरीकडे पाठवलं तर तिकडे न्यायला आणि सुटी झाल्यावर घरी सोडायलाही गाडी आहे. त्यासाठी 102, आणि अडीअडचणीला 108. म्हणून हातमोज्यांची पाकिटं, इंजेक्शनं, कापसाचे गठ्ठे असलं मेडिकलमधून आणून बॅगेत कोंबू नका.

पण आई एक विसरते. दवाखाना औषध देईल, कॉट देईल. बादली-मग देणार नाही, प्यायला ग्लास देणार नाही, आईला स्वतःला रात्री टेकायला चटई देणार नाही. आणि बाळाला गुंडाळायचं दुपटं कुठूनही येणार नाही, ते तुमच्याच पिशवीतून निघायला हवं.

इथंच मला बॅगेबद्दल जे खरं सांगायचंय ते येतं. यादीवाले लोक वस्तू मोजतात. बॅग भरते ती बाई आणि उघडते ती बाई मात्र वेगळी असते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. तू आत टेबलावर असशील. बाहेरच्या व्हरांड्यात तुझी आई असेल, साठीला टेकलेली, रात्रभर जागी, हातपाय कापत असलेली. आतून सिस्टर ओरडेल, "बाळाचे कपडे द्या लवकर!" आणि आई फरशीवर बसून त्या चाकांच्या नव्या कोऱ्या बॅगेच्या चेनशी झटत असेल, आणि नंबरचं कुलूप असेल तर तो नंबर फक्त तुला ठाऊक. मग सगळी बॅग पालथी. गाऊन, चार्जर, खारकांचा डबा, तुझे मेकअपचे पाऊच, सगळं व्हरांड्यात पसरलेलं, लोक त्यावरून चालतायत आणि दुपटं तळाला. हे मी इतक्यांदा बघितलंय की, नव्या सिस्टरांना मी सांगायची, कपडे लागायच्या आधीच मागून ठेवा.

तेव्हा मोठी बॅग आणूच नका. वेगवेगळ्या रंगांच्या दोन कापडी पिशव्या आणि एक फाइल, बस्स. ज्या पिशव्यांत आई एरवी बाजार आणते, तसल्या. चेन नाही, कुलूप नाही, वरून हात घातला की वस्तू हाताला लागली पाहिजे.

पहिली पिशवी छोटी. ती तुझ्यासोबत आत जाते किंवा दाराशी थांबते. तिच्यात बाळाचं एवढंच, दोन जुनी मऊ दुपटी, एक टोपडं, एक झबलं, दोन लंगोट, मोज्यांचा एक जोड. हे सगळं एका दुपट्यात बांधून त्याचं गाठोडं करून ठेव. मागितलं की गाठोडं उचलून द्यायचं, शोधायचं काही नाही. तुझ्यासाठी पुढून उघडणारा एक गाऊन, मोठे लांब पॅड चार-पाच, गडद रंगाच्या सुती निकर दोन, पाण्याची बाटली, ओठ सुकतात म्हणून व्हॅसलिनची डबी, केस बांधायला दोन रबर. कळा सुरू असताना खायला दोन-चार खजूर, बिस्किटं, लिंबू-साखर-मिठाचं पाणी. डॉक्टरांनी उपाशी राहायला सांगितलं नसेल तर थोडं थोडं खात-पीत राहायचं. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास, कधी त्याहूनही जास्त चालतात, आणि उपाशी पोटी जोर कुठून आणणार?

दुसरी पिशवी वॉर्डातली. ती बाहेर कुणाकडे तरी राहील आणि तुला कॉटवर आणल्यावर उघडेल. आणखी दोन-तीन गाऊन. साडी-परकर नको गं, परकर तर मुळीच नको. सिझर झालं तर नाडीची गाठ नेमकी टाक्यांवर येते आणि बाई दोन दिवस परकर हातात धरून चालते. निकरसुद्धा कमरेच्या वरपर्यंत येणाऱ्या, ढगळ घे. दूध पाजायचे ब्रा दोन, पॅडची दोन पाकिटं, एक मोठा आणि एक छोटा टॉवेल, चादरी दोन, साबण, ब्रश, कंगवा, न घसरणारी रबराची चप्पल, बादली-मग, ताट-वाटी-ग्लास, चार्जर. आईसाठी चटई आणि तिच्या स्वतःच्या गोळ्या. बीपीच्या गोळ्या घरी राहिल्या म्हणून मुलीच्या शेजारी आईलाच चक्कर आली, असं वॉर्डात होतं. सुटे पैसे ठेव, दहा-वीसच्या नोटा. चहावाल्याकडे मोबाइलने पैसे जातात, पण वॉर्डात रेंज असेलच असं नाही.

पॅडचं एक लक्षात ठेव. बाळंतपणानंतर पाळीपेक्षा जास्त रक्त जातं, घाबरायचं नाही. पण एक मोठा पॅड तासाभरातच भिजला, किंवा मोठ्या गाठी पडायला लागल्या, तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही, तेव्हाच सिस्टरला हाक मारायची. आईलाही सांगून ठेव, तुला ग्लानी असली तर तिनं बघायचं.

दोन्ही पिशव्या भरून झाल्या की एक काम कर. आईला समोर बसव आणि म्हण, "आई, बाळाचं गाठोडं दे. पॅड दे. फाइलमधला सोनोग्राफीचा कागद काढ." तिनं न बघता काढता आलं पाहिजे. जिथं ती अडखळेल, तिथली मांडणी बदल.

आता आजी. तिच्याशी वाद घालू नकोस, घालायची गरजच नाही. आधी नवं घ्यायचं नाही ही रीत घराघरांत आहे, आणि त्यामागे ज्या बायकांनी पाळणे रिकामे राहिलेले बघितले, त्यांचं दुःख आहे. त्याचा मान ठेव. आणि त्याच आजीच्या रीतीत बाळाला पहिले कपडे जुनेच घालायचे असतात, एखाद्या गुटगुटीत पोराच्या अंगावरचे उतरलेले. नवं झबलं बारशाला. मला विचारशील तर नवजात बाळाला जुनंच बरं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचं दुपटं आणि धोतराची बाळुती यांच्यासारखं बाजारात काही मिळत नाही. ऑनलाइन येणाऱ्या चकचकीत कपड्यांना खळ असते, गळ्याशी लेबल टोचतं, कुठं नायलॉनची लेस. मिस्टरांना सांग, आता काही मागवू नका, बारशाला हौस करा. आजीला सांग, तूच जुन्या लुगड्याची दुपटी शिवून दे. मग घरात ठेवू न देण्याचा प्रश्नच उरत नाही.

फक्त ते जुने कपडे कुठून निघतायत ते बघ. आपल्याकडे लुगडी, गोधड्या, लहान मुलांची जपून ठेवलेली झबली पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्या टाकून ठेवतात. डांबरगोळीचा वास नाकाला नुसता उग्र लागतो, पण काही बाळांच्या रक्तात जन्मजात एक कमतरता असते, जी-सिक्स-पीडी म्हणतात तिला. अशा बाळाला त्या कपड्यांतून डांबरगोळी बाधली तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ एकदम वाढते. तुझ्या बाळात ती कमतरता आहे की नाही हे आधी कुणाला कळणार? म्हणून पेटीतलं जे काढाल ते गरम पाण्यात साबणाने दोनदा धुवा आणि चांगलं दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. हुंगून बघा, जराही वास आला तर ते कापड बाळाला नको. मराठवाड्यातलं एप्रिलचं ऊन या कामाला मिळतंय, ते वापरा.

उन्हावरून आठवलं, त्या यादीत लोकरीचे स्वेटर, लोकरीची टोपी, जाड ब्लँकेट असेल. मे महिन्यात अंबाजोगाईला ते कशाला? जन्मल्याबरोबर बाळ ओलं असतं, तेव्हा उन्हाळ्यातही ते पटकन गार पडतं, म्हणून पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात आणि वरून दुपटं, डोक्याला टोपडं. ते पहिले तास सांभाळायचे. पुढे मात्र वॉर्डातल्या उकाड्यात बाळाला चार दुपट्यांत गुंडाळून ठेवलं तर अंग तापतं, बाळ मलूल होतं आणि सगळे ताप आला म्हणून घाबरतात. पातळ सुती एक झबलं, वर एक दुपटं, पुरे. दुसऱ्या पिशवीत दुपटी भरपूर ठेव, आठ-दहा, कारण ती ओली होतात आणि बदलावी लागतात. हातपंखा एक ठेव. छोटी मच्छरदाणी मिळाली तर फार बरं.

आणि ऐक, उकाडा आहे म्हणून बाळाच्या तोंडाला चमचाभर पाणी लावा, असं म्हणणारं कुणीतरी वॉर्डात भेटणारच. लावायचं नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, उन्हाळ्यातसुद्धा, दुधात लागतं तेवढं पाणी असतं. पाणी लागतं ते तुला. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं ही रीत काही घरांत अजून आहे, ती या उन्हात पाळू देऊ नकोस. प्रत्येक वेळी पाजायला बसलीस की शेजारी तांब्या हवा.

म्हणून पिशवीत काय नसावं हेही सांगते, आणि यात मी ऐकून घेणार नाही. दुधाची बाटली नाही, पावडरचा डबा नाही. 'असू दे अडीनडीला' म्हणून आणलेला डबा पहिल्याच रात्री फुटतो, बाळ रडलं की आईपेक्षा डबा लवकर हाताशी येतो. पहिले दोन-तीन दिवस येतो तो घट्ट पिवळसर चीक थोडाच असतो, आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. मध नाही, गुटी नाही, जायफळ उगाळायची सहाण नाही. काजळाची डबी नाही. टाल्कम पावडर नाही. नाळेला हळद, तेल, राख काहीही लावायचं नाही, ती कोरडी ठेवली की आपोआप पडते. दृष्ट लागू नये म्हणून आजीला तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावू दे, डोळ्यात काही घालू देऊ नकोस.

सोनंही नको. ओटीभरणाला तुझ्या हातात हिरवा चुडा भरला असेल. सलाईनची सुई मनगटाशी नाहीतर हाताच्या पाठीवर जाते, बांगड्या त्यावर सरकतात. सिझरला न्यायच्या वेळी मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या सगळं काढायला लावतात आणि सुजलेल्या हातातून बांगडी निघाली नाही तर फोडावी लागते. कळा देणारी बाई बांगडी फुटली म्हणून रडते, हे बघवत नाही. नववा लागला की घरीच, बसून, हाताला साबण लावून हळूच उतरव आणि देवाजवळ ठेव. मंगळसूत्र ऐनवेळी काढायला जड वाटत असेल तर आतापासून काळ्या मण्यांचं साधं घाल आणि ते कुणाच्या हाती द्यायचं ते ठरव. नखांचं पॉलिशही काढ, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघतात तेव्हा ते आड येतं.

घरी न्यायच्या दिवशीचे कपडे, डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशोपा यातलं काही आधी न्यायचं नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाऊ घेऊन येईल. एक मात्र कर, फाइलमध्ये एक वही आणि पेन ठेव. बाळ किती वाजता झालं, वजन किती, पहिली शी कधी, पहिली सू कधी, हे आईनं नाहीतर बहिणीनं त्यात टिपायचं. काळी चिकट शी पहिल्या दिवसात व्हायला हवी, डॉक्टर राउंडला हेच विचारतात आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. जन्माच्या लसी तीन, बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ-बीचं इंजेक्शन, त्यातलं कावीळ-बीचं 24 तासांच्या आत. शिवाय व्हिटॅमिन के. सुटी घेताना हे सगळं कार्डावर लिहिलंय का ते वहीशी ताडून बघा.

मिस्टर लांब आहेत, त्यांना वाटतंय काहीतरी विकत घेतलं म्हणजे आपण केलं. त्यांना खरं काम दे. सगळ्या कागदांचे फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये असू देत. तुझ्या रक्तगटाच्या दोघा-तिघा नातेवाइकांचे, गावातल्या जीपवाल्याचे आणि आशाताईंचे नंबर त्यांनी एका कागदावर लिहून आईच्या घरी भिंतीला लावायचे, कारण 102 ची गाडी यायला उशीर झाला तर दुसरी सोय हवी. आणि जन्मनोंद त्यांनी बघायची. ती 21 दिवसांच्या आत, जिथं बाळ झालं तिथं, म्हणजे अंबाजोगाईलाच होते, चाकणला नाही. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी अडत नाही, ते वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. पण आई-वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दाखला हातात घ्यायच्या आधी त्यांनी स्वतः वाचायचं.

पिशव्या नववा लागायच्या आत तयार असू देत. निघायचं कधी ते घरात सगळ्यांना माहीत असावं. कळा दर पाच मिनिटांनी, ठरल्यासारख्या येऊ लागल्या की निघायचं, आणि तुझं गाव लांब आहे म्हणून थोडं आधीच निघालात तरी चालेल. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघायचं, किती वाजता गेलं आणि रंग कसा होता ते वहीत लिहून. हिरवट असेल तर एक मिनिटही थांबायचं नाही. रक्त जायला लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पिशवी राहिली तरी राहू दे, फाइल उचलायची आणि 108 लावायचा.

राहिला बहिणीचा प्रश्न. सरकारी दवाखान्यात कळा देताना एक सोबतीण आत असू द्यावी, अशा केंद्राच्या सूचना 2016 मध्ये निघाल्या आहेत आणि ती स्वतः बाळंतपणातून गेलेली बाई असावी असं त्यात धरलंय. ओपीडीत जाशील तेव्हा तिथल्या सिस्टरला विचारून घे, कुणाचं नाव सांगायचं, कपडे कुठले घालायचे. आणि निवड तूच कर. सोबतीण म्हणजे पाठीला हात लावणारी, पाणी पाजणारी, 'सगळं नीट चाललंय' म्हणणारी, आणि तू चिडून हात झटकलास तरी राग न धरणारी. ती तुझी बहीण असेल तर तीच. काकूला वाईट वाटेल, पण आत काकूची भीड बाळगत तू कळा दाबून ठेवल्यास तर ते तुझ्या अंगावर येईल. काकूला सांग, "बाहेर आईला तुझ्याशिवाय कोण सांभाळणार?" ते खरंही आहे. आईला सांग, तुझ्याकडे पिशव्या आणि बाळ बाहेर आलं की पहिलं तुझ्याच हातात.

बहिणीला आज रात्रीच फोन कर. मे महिना आहे, तिच्या पोरांना शाळेच्या सुट्या असतील. तारखेच्या पंधरा दिवस आधीच तिला मुलांना घेऊन राहायला बोलाव, कारण पहिल्या खेपेला दिलेल्या तारखेलाच बाळ येईल असं काही नसतं, आणि ती पोचायच्या आत कळा सुरू झाल्या तर ठरवलेलं सगळं तिथंच राहायचं.